खुले पत्र: आईच्या मृत्यूच्या दाखल्यावर अजूनही ‘महारवाडा’

प्रति,
माननीय सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, स.न.वि.वि.

मी मराठवाड्यातल्या एका लहान गावात अंगणवाडी सेविका आहे. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. तक्रार एका कागदाची आहे.

परवा मंगळवारी ग्रामपंचायतीतून आईच्या मृत्यूचा दाखला मिळाला. नाव बरोबर, तारीख बरोबर, वय चार वर्षांनी कमी. आणि पत्त्यात ‘महारवाडा’.

वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची, असं शासनानं डिसेंबर २०२० मध्ये ठरवलं. टीव्हीवर बातमी आली तशी आमच्या पोरांनी वर्गणी काढून पत्र्याची पाटी केली, निळ्या अक्षरांत ‘समतानगर’. आई संध्याकाळी काठी टेकत पाटीखाली जाऊन उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. नातवाला म्हणाली, “यातलं समता कुठवर हाय, बोट लावून दाव.” त्यानं खांबावर चढून दाखवलं. ग्रामपंचायतीचा ठराव मात्र आज होईल, उद्या होईल असं म्हणत राहिला. परवा विचारलं तर उत्तर मिळालं, “ताई, ऑनलाइनला जुनंच नाव येतं, माझ्या हातात काही नाही.” बाई मेली तरी तिची जात मागं लावून पाठवायची, हे संगणकानं नाही ठरवलेलं, साहेब.

दाखला एखाद्या दिवशी दुरुस्त होईलही. जे दुरुस्त होणार नाही ते आता सांगते.

आई गेली तेव्हा पहाटेपासून पाऊस लागला होता. गावाची स्मशानभूमी वेशीपासून पाच मिनिटांवर आहे. लोखंडी शेड, सिमेंटचा ओटा, बसायला बाक, जवळ पाण्याची टाकी. सगळं सरकारी पैशातून झालेलं. आमची जागा ओढ्यापलीकडं. तिथं एक बाभूळ आहे, बाकी काही नाही. ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं. माझा भाऊ आणि दोघं चुलते गावातल्या कर्त्या माणसांकडं गेले, हात जोडून म्हणाले, आजच्या दिवस शेड वापरू द्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर आलं नाही. उलट चहा विचारला. आणि मग म्हणाले, “तुमची जागा हाय ना तिकडं. आजवर चालत आलंय ते कशाला मोडता?”

बायकांनी मागं थांबावं म्हणतात. मी थांबले नाही, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते आहे. तिरडी डोक्याच्या वर धरून ओढा ओलांडला. लाकडं भिजलेली. भावानं घरावरचे सहा पत्रे उचकटून आणले आणि माणसांनी ते सरणावर हातांनी उचलून धरले. ट्रॅक्टरची दोन जुनी टायरं, पाच लिटर डिझेल. पत्रा तापला की पोत्याचा ओला तुकडा हाताला गुंडाळून धरायचे, एक थकला की दुसरा यायचा. असं तीन तास. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती. त्या भोकांतून पाणी आईच्या अंगावर गळत होतं, आणि मी त्याकडं बघण्यापलीकडं काही करू शकत नव्हते. भावाच्या दोन्ही तळहातांना फोड आले. पंधरा दिवस त्याला भाकरी मोडता आली नाही.

आता कायद्याचं बोलू. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा. २०१५ च्या दुरुस्तीत त्यात स्पष्ट लिहिलंय, की दलितांना इतरांच्या बरोबरीनं स्मशानभूमी वापरू न देणं हा गुन्हा आहे. मी ते कलम मोबाइलवर काढून पोलीस ठाण्यात दाखवलं. ड्युटीवरच्या साहेबांनी वाचलं. म्हणाले, “बाई, गुन्हा दाखल करून परत त्याच गावात राहायचंय ना तुम्हाला?” याच कायद्याच्या नियमांप्रमाणे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्याची दक्षता समिती असते. तिची बैठक वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, व्हायला हवी. जिल्हाधिकाऱ्यांची समिती दर तीन महिन्यांनी बसायला हवी. ‘कुठल्या गावात दोन स्मशानभूमी आहेत?’ एवढा एक प्रश्न या बैठकांत कुणी मोठ्यानं विचारला असता, तर आमच्यापर्यंत कुणीतरी आलं असतं. आमच्याकडं आजवर कुणी आलेलं नाही.

२०२२ या एका वर्षात देशात अनुसूचित जातींवरच्या अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे नोंदले गेले. दिवसाला दीडशेच्या वर. हे फक्त नोंदलेले, साहेब. माझ्यासारखी ठाण्याच्या पायरीवरून परत फिरलेली बाई यात नाही. आणि नोंदलं तरी काय होतं? खैरलांजीत २००६ साली एका घरातली चार माणसं मारली, खटला चालला, शिक्षा झाल्या, पण अ‍ॅट्रॉसिटीचं कलम कोर्टात टिकलं नाही. जात दिसलीच नाही कुणाला. आम्हाला ती वेशीवर दिसते, दाखल्यावर दिसते. अंगणवाडीत खिचडीच्या ताटलीवर दिसते, जेव्हा एखादी आई येऊन हळूच विचारते, “आज मदतनीसबाईनं शिजवलंय का तुम्ही?”

माझी आई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होती. तिथं पाण्याचा पिंप एकच होता, पण आमच्या बायकांनी पिंपाला हात लावायचा नाही. दुसऱ्या जातीची बाई वरून ओतायची आणि यांनी ओंजळ धरून प्यायचं. कधी कधी ती मुद्दाम जोरात ओतायची, की पाणी नाकात जावं. तेव्हा अस्पृश्यता कायद्यानं संपून बावीस वर्षं झाली होती. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा बोले ठराव १९२३ चा, महाडचा सत्याग्रह १९२७ चा. आईला यातलं सनासकट काही माहीत नव्हतं. बाबासाहेबांनी तळ्याला हात लावला एवढं माहीत होतं, आणि ते सांगताना ती स्वतःची ओंजळ करून दाखवायची.

तिला चोखोबाही माहीत होता. मंगळवेढ्याला वेठीचं काम करताना गावकुसाची भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेला. ज्या गावकुसाच्या आत त्याला घर नव्हतं, तेच बांधताना गेला. नामदेवांनी त्याची हाडं गोळा करून पंढरपूरला आणली, पण समाधी झाली ती महाद्वाराबाहेर, पायरीपाशी. त्याचे अभंग देवळात म्हणता येत होते आणि त्याच्या जातीच्या माणसाला आत जाता येत नव्हतं. तो दरवाजा उघडायला १९४७ साली साने गुरुजींना दहा दिवस उपाशी राहावं लागलं. आपल्या पोथ्या, कीर्तनं, भाषणं या चोखोबाच्या भक्तीनं ओथंबलेली असतात. त्याच्या मरणाबद्दल कुणी रागानं बोललेलं मी अजून ऐकलेलं नाही.

आणि मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांगाची पोर. तिनं १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये लिहिलं, की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात हाल होतात. शाळेत असताना हे वाचलं तेव्हा मला ते जुन्या काळातलं वाटलं होतं. त्या दिवशी ओढ्यापलीकडं पत्रे धरलेले हात बघताना तिचं ते छप्पर आठवलं.

आपण बौद्ध धम्म घेतला, तेव्हाच त्या नावातून बाहेर पडलो, असं वडील सांगायचे. आम्ही बाहेर पडलो, साहेब. दप्तर पडलं नाही, गाव पडलं नाही.

मागणं मोठं नाही. आईचा दाखला आमच्या पत्त्यासह दुरुस्त करून द्या आणि नावबदलाचा निर्णय कुठल्या गावात अडकलाय, ते गावागणिक जाहीर करा. सरकारी पैशानं बांधलेल्या प्रत्येक स्मशानशेडवर लिहा, की ही सर्वांची आहे, अडवणं गुन्हा आहे. पण आमच्या ओढ्यापलीकडं निधीतून वेगळी शेड बांधून देऊ नका. तसा प्रस्ताव आहे असं कानावर आलंय, आणि काही जण त्यात खूश आहेत. ती शेड उभी राहिली की दोन स्मशानं सरकारी शिक्क्यानं कायमची झाली. आम्हाला आहे तीच शेड हवी आहे. त्यासाठी तहसीलदार आणि पोलीस यांनी पहिल्या दिवशी आमच्याबरोबर उभं राहावं.

पावसाळा अजून दोन महिने आहे. वस्तीत सत्तरीच्या पुढची पाच माणसं आहेत, त्यातले एक माझे थोरले चुलते, गेल्या आठवड्यापासून अंथरुणाला खिळलेले. भावानं ते सहा पत्रे घरावर परत ठोकलेले नाहीत. छपरावर ताडपत्री टाकलीय आणि पत्रे भिंतीला टेकवून ठेवलेत.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
समतानगर