‘आधी बॅटरी काढा’ सांगणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या गल्लीत लॅपटॉप दुरुस्तीसाठी मायक्रोस्कोप मांडून बसणारे तुम्ही आणि घरीच लॅपटॉप उघडणारे आम्ही. आमच्यासारख्यांनी हात घालून बिघडवलेले बोर्ड (लॅपटॉपची मुख्य सर्किटं) हे तुमचं रोजचं गिऱ्हाईक. तरीही विचारायला आलेल्याला घरी काय करायचं आणि कुठे हात आवरायचा, हे तुम्ही कारणासकट सांगता, तेही फुकट. म्हणून हे जाहीर आभार.

तुमचा पहिला नियम: मागचं झाकण निघालं की आधी बॅटरीचा कनेक्टर. लॅपटॉप बंद केलेला असला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डाच्या काही भागांत वीज असतेच. कनेक्टर काढून पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धरायचं, म्हणजे कपॅसिटरमध्ये (वीज थोडा वेळ साठवणाऱ्या बारीक भागांत) उरलेला चार्ज जातो. घाईत हे राहिलं की बहुतेक वेळा डिस्प्लेची केबल घात करते. त्या बारीक कनेक्टरमध्ये बॅकलाइटसाठी (पडद्यामागच्या दिव्यांसाठी) १२ ते १९ व्होल्ट येतात, काही मॉडेलमध्ये त्याहून बरेच जास्त; आणि डेटाच्या पिना चालतात एखाद्या व्होल्टच्याही आत. केबल तिरकी बसली किंवा चालू बोर्डावर ओढली गेली, तर बॅकलाइटचा फ्यूज उडून भागलं तरी नशीब समजायचं. नाहीतर मार थेट प्रोसेसरपर्यंत जातो.

स्क्रूंचंही तसंच. कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून ज्या जागचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेवायचा, ही तुमची युक्ती आता आमच्या सगळ्यांच्या हाती बसली आहे. ३ मिमीच्या जागी ५ मिमीचा स्क्रू पिळला तर कधी पामरेस्टवर (कीबोर्डपुढच्या, तळहात टेकायच्या जागेवर) टेंगूळ येतं, कधी तो बोर्डालाच भोक पाडतो. बोर्ड अनेक थरांचा असतो; आतल्या थरातली तांब्याची रेघ तुटली की ती वरून दिसतही नाही.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते थर्मल पॅडबद्दलचं, म्हणजे चिपची उष्णता पुढे नेणाऱ्या मऊ पट्टीबद्दलचं तुमचं बोलणं. चिप आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यामधली पेस्ट बदलूनही लॅपटॉप आधीपेक्षा जास्त तापतो, तेव्हा लोक पेस्टच्या कंपनीला शिव्या घालतात. दोष बहुधा पॅडच्या जाडीत असतो. ग्राफिक्सच्या मेमरीवर ०.५ मिमीऐवजी १ मिमीचा पॅड टाकला की हीटसिंक तेवढी उचलली जाते आणि चिपवर टेकतच नाही. म्हणून हीटसिंक एकदा बसवून पुन्हा काढायची आणि पेस्टचा ठसा बघायचा: पूर्ण चौकोन उमटला तर ठीक, एका बाजूला जाड थर राहिला तर पॅड चुकला. लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं, त्यामुळे पेस्ट कोपऱ्यांपर्यंत पोचायला हवी. स्क्रू हीटसिंकवर छापलेल्या १-२-३-४ या क्रमानेच, थोडे थोडे आवळायचे. एक कोपरा आधीच घट्ट केला तर उघड्या चिपचा टवका उडू शकतो. पेस्टऐवजी लिक्विड मेटलच्या (द्रवरूप धातूच्या) मोहात पडू नका, हेही तुमचंच. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, आणि ओघळलेला एक थेंब चिपभोवतीचे कपॅसिटर शॉर्ट करायला पुरतो.

बायॉसच्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) चिपवर नव्याने फाइल लिहिण्याबद्दल मात्र तुम्ही हात जोडून ‘घरी नको’ म्हणता, ते उगाच नाही. बाजारात स्वस्तात मिळणारा काळा सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिपमधली फाइल वाचणारं-लिहिणारं उपकरण) चिपला ३.३ व्होल्ट देतो खरा, पण त्याच्या डेटा लाइनवर ५ व्होल्ट असतात. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमधली चिप १.८ व्होल्टची असते. मधे व्होल्टेज उतरवणारा अडॅप्टर न घालता क्लिप लावली की चिप गेलीच. ज्यांना करायचंच आहे त्यांनी आधी चिपचा नंबर वाचून व्होल्टेज तपासावं, जुनी फाइल दोनदा वाचून दोन्ही प्रती जुळतात का पाहावं, आणि मगच लिहावं. भलत्याच लॅपटॉपची फाइल चढवली तर मशीनचा सीरियल नंबर पुसला जातो. विंडोजवर बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवलेली बरी. बायॉस बदलल्यावर ती मागितली जाते आणि नसेल तर डेटा गेला.

हीटगनने चिप ‘गरम करून’ चालू करून देणाऱ्यांवर तुम्ही चिडता, तेही पटतं. शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं. पण बिघाड बऱ्याचदा चिपच्या आतल्या जोडांत असतो. तिथे उष्णतेने तात्पुरता संपर्क होतो, काही आठवडे लॅपटॉप चालतो आणि पुन्हा मरतो.

टचपॅड वर आला, क्लिक जड झालं, की खाली बॅटरी फुगली असं समजायचं आणि चार्जर त्याच क्षणी काढायचा, हे तुमच्यामुळे आता आमच्या घरच्यांनाही माहीत आहे. चिकटवलेला सेल पेचकसाने उचकटायचा नाही; कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून गोंद सैल होऊ द्यायचा आणि प्लास्टिकच्या कार्डाने हळू सोडवायचा. एवढंही जमेलसं वाटत नसेल तर लॅपटॉप बंद करून तसाच तुमच्याकडे आणायचा.

काढून ठेवलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या टर्मिनलवर चिकटपट्टी लावली आहे. ई-कचरा घेणाऱ्यांची गाडी तुमच्याकडे कधी येते तेवढं कळवा, आणून देतो.

आपले,
घरी लॅपटॉप उघडणारे आम्ही काही जण