आईचा पंप आणि सकाळच्या खिडक्या

लंडन, १४ नोव्हेंबर

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आईला श्वासाचा त्रास आहे, म्हणून तिची सकाळी सहाची फेरी फेब्रुवारी संपेपर्यंत बंद करा. ती म्हणेल, सकाळची हवा चांगली असते. गावी असेलही, पण चेंबूरला थंडीत पहाटेचीच हवा सगळ्यात वाईट. शाळेत शिकलेल्या खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांचा हा खेळ. रात्री वारा पडतो, जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. रिफायनऱ्या, हायवे, बांधकामं, कोपऱ्यावरच्या शेकोट्या, सगळ्यांचा धूर आणि धूळ त्याखाली कोंडते. दुपारी खारा वारा सुटला की ती हलते. म्हणून खिडक्या सकाळी बंद, दुपारी एकनंतर उघड्या, दिवेलागणीला पुन्हा बंद. फेरी चार वाजता, सोसायटीच्या आवारातच.

दादा हवेची प्रत सांगणारं ‘समीर’ ॲप बघून ठरवतो, पण त्यातला एक्यूआय, म्हणजे हवेच्या प्रतीचा आकडा, मागच्या २४ तासांच्या सरासरीवर निघतो. त्या घटकेची हवा कळायला पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, तासाचा आकडा बघावा लागतो. शिवाय ५१ ते १०० ला आपल्याकडे ‘समाधानकारक’ म्हणतात. त्यात पीएम २.५ घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा १५ आहे. आईसाठी तो शब्द विसरा.

आता पंप, म्हणजे इनहेलर. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून रोजचा स्टेरॉइडचा पंप बरं वाटलं की बंद करतात आणि धाप लागल्यावर घ्यायच्या पंपावरच दिवस काढतात. नेमकं उलटं व्हायला हवं. रोजचा पंप श्वासनलिकांची सूज धरून ठेवतो, म्हणून धुराच्या दिवसांत तो चुकवायचा नाही.

घेताना स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, लागतोच. नुसता पंप तोंडात उडवला तर बरंचसं औषध घशालाच चिकटतं. पंप हलवा, स्पेसरला लावा, आईला श्वास पूर्ण सोडू द्या, स्पेसरची तोंडी ओठांनी घट्ट धरू द्या, मग एकदाच दाबा. तिने सावकाश, चार-पाच सेकंद श्वास आत घ्यावा आणि दहा आकडे मोजेपर्यंत रोखावा. रोखता येत नसेल तर स्पेसरमधूनच पाच साधे श्वास पुरतात. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने, पंप पुन्हा हलवून. दोन पफ एकदम मारले तर औषधाचे थेंब एकमेकांना चिकटून स्पेसरच्या भिंतीवर बसतात. रोजच्या पंपानंतर गुळण्या करून पाणी थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

स्पेसर महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून बुडवा आणि रात्रभर तसाच वाळू द्या. आतून फडक्याने पुसू नका. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध तिथेच ओढलं जातं. घरोघरी ही चूक होते, कारण स्वच्छतेची सवय!

मास्क एन-९५च, नाकावरची पट्टी दाबून. त्यात आईचा जीव घाबरत असेल तर बाहेर जाणंच टाळा. देवापुढची उदबत्ती सोडायला ती तयार होणार नाही. निरांजनावर तडजोड करून बघा. मच्छरांची कॉइल मात्र आजच फेका, जाळी लावा. झाडू मारण्याऐवजी ओलं पुसा.

ऑक्सिमीटरवर तिचा एरवीचा आकडा किती आणि कितीच्या खाली गेला तर न्यायचं, हे डॉक्टरांना विचारून फ्रिजवर लिहून ठेवा. मेंदी आणि गार बोटं आकडा चुकवतात. कफ वाढला, पिवळा-हिरवा झाला तर त्याच दिवशी फोन करा. एक वाक्य पुरं बोलता येईना, ओठ निळसर दिसले, गुंगी आली किंवा धापेच्या पंपाचा आराम चार तासही टिकेना, तर १०८.

फ्लूची लस यंदा राहिली असेल तर तीही विचारा.

आईला नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुमची नणंद