निफाडच्या दादांचे जाहीर आभार, आधी पाणी बघायला शिकवलंत म्हणून

प्रिय दादा,

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणता आणि लगेच आजचा ईसी (पाण्यात खत-क्षार किती विरघळलेत ते दाखवणारा आकडा) किती म्हणून विचारता, त्यामुळे माझं बोलणं राहूनच जातं. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आणि माझ्यासारखे बरेच जण आहेत, गच्चीवर मातीशिवाय भाजी पिकवायला (हायड्रोपोनिक्स) पाईप लावलेत, हातात खताचा चार्ट आहे आणि समोर पानं पिवळी पडतायत, त्यांच्यापर्यंतही तुम्ही मला जे सांगितलंत ते पोचावं असं मनापासून वाटतं. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये.

जानेवारीत मी सेटअप लावला. सिंहगड रोडला आमची गच्ची, १०८ होलचा एनएफटी (पाईपमधून खताचं पाणी पातळ थरात फिरवत ठेवायची पद्धत), खाली १०० लिटरची टाकी, लेट्यूस, बेसिल आणि दोन पाईप पालक. किटबरोबर ए आणि बी अशा दोन बाटल्या आणि एक रंगीत चार्ट आला होता, पहिला आठवडा इतके एमएल, दुसरा इतके, चौथ्या आठवड्यात पीपीएम (पाण्यात खत किती दाट त्याचं माप) ११२०. मी तो चार्ट अक्षरशः पाळला दादा, एक दिवस चुकवला नाही, आणि चौथ्या आठवड्यात लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या. वाचलं की ही कॅल्शियमची कमतरता, म्हणून कॅल्शियम वाढवलं, तर अजून वाईट. मग दुसरा प्रोग्राम, म्हणजे खत द्यायचं वेळापत्रक, शोधला, तीन बाटल्यांचा, मग कुणीतरी ४-१८-३८ (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश यांचे टक्के) पावडरीची रेसिपी सांगितली, मग १९३८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात होगलंड आणि अर्नन यांनी छापलेलं द्रावण वाचनात आलं तर तेही करून बघायचं ठरवलं. तीन आठवड्यात चार प्रोग्राम. रोज सकाळी गच्चीवर जायला भीती वाटायची, खरंच.

तेव्हा तुमच्या बहिणीने, म्हणजे माझ्या मैत्रिणीने, तुमचा नंबर दिला, म्हणाली अगं दादाला विचार, तो वीस वर्षं ड्रीपमधून विद्राव्य खतं देतोय द्राक्षाला. मला वाटलं द्राक्षाचा आणि गच्चीवरच्या लेट्यूसचा काय संबंध. फोन केला, सगळी कहाणी सांगितली, चारही चार्ट व्हॉट्सॲपला पाठवले आणि विचारलं यातला कुठला बरोबर. तुम्ही चार्ट उघडलेसुद्धा नाहीत बहुतेक. तुम्ही विचारलंत, "ताई, तुमचं पाणी काय म्हणतं? खत टाकायच्या आधीचं." मला माहीतच नव्हतं. दीड महिना मी त्यात काय घालायचं ते मोजत होते आणि ज्यात घालायचं ते कधी मोजलंच नव्हतं.

मग तुम्ही जे म्हणालात ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, "चारही प्रोग्राम बरोबर असतील ताई, पण चार एकदम चालवू नका. एक धरा आणि काढणीपर्यंत पाळा, नाहीतर कशाने काय झालं हे तुम्हाला कधीच कळणार नाही." तुमच्याकडे छाटणीनंतर दिवस मोजून शेड्यूल चालतं तरी तुम्ही देठ परीक्षण (पानाच्या देठातून झाडाला काय कमी पडतंय याची लॅबमधली तपासणी) करून घेता, शेजाऱ्याचं शेड्यूल उचलून आपल्या बागेला लावत नाही, हे तुम्ही इतक्या सहज सांगितलंत की मला माझी चूक समजली पण वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मीटरचा फोटो मागवलात. आणि तिथेच पहिली गाठ सुटली. पीपीएम ही सरळ मोजलेली गोष्ट नाही, मीटर मोजतो ईसी आणि त्याला ५०० ने किंवा ७०० ने गुणून पीपीएम दाखवतो. चार्ट होता ७०० वाला, माझं पेन ५०० वालं. म्हणजे चार्टला ११२० म्हणताना ईसी १.६ म्हणायचं होतं आणि मी ११२० गाठण्यासाठी २.२ च्या वर नेऊन ठेवला होता, लेट्यूससारख्या नाजूक पिकाला! हे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते, पीपीएम सोडा, ईसीमध्ये बोला. शिवाय पीएच पेनही तपासायला लावलंत, ७ आणि ४ पीएचच्या बफरमध्ये (पीएच ठरलेला असलेल्या द्रावणात) बुडवून, तर ते ०.६ ने चुकत होतं कारण मी टोक कोरडं ठेवत होते. आणि कडा करपण्याचंही तुम्हीच समजावलंत, की कॅल्शियम पाण्याबरोबरच पानापर्यंत चढतं, द्रावण कडक असलं की झाडाला पाणी ओढायला जड जातं, आणि आतल्या बंद पानांना वारा नाही तर तिथून पाणी उडतच नाही, म्हणून टाकीत कॅल्शियम असूनही तिथे पोचत नाही. ईसी खाली आणला, एक साधा पंखा लावला. नवीन पानं स्वच्छ आली.

मार्चमध्ये आमच्या सोसायटीत टँकर सुरू झाले आणि पुन्हा सगळं बिनसलं. कॉर्पोरेशनचं पाणी ईसी ०.२ होतं, टँकरचं, कुठल्यातरी बोअरचं असणार, ०.९. संध्याकाळी पीएच ६ वर आणायचा, सकाळी ७.४. नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. मी लोह वाढवत होते. तुम्ही म्हणालात लोह आहे हो टाकीत, पण पीएच चढल्यावर ईडीटीएवालं, म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून बांधलेलं (चिलेटेड) लोह टिकत नाही, मुळीला मिळत नाही, आधी पाण्यातला बायकार्बोनेट बघा, तोच पीएच वर ढकलतो. माती-पाणी परीक्षणाच्या लॅबमध्ये बाटली देऊन आले, रिपोर्टमध्ये बायकार्बोनेट ३०० च्या वर. त्यावर तुमचा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला, पहाटे पावणेसहाला, मागे पंपाचा आवाज. की फॉस्फरिक ॲसिडने मारता येईल पण सगळं टँकरचं पाणी मारायचं तर स्फुरद भलतंच वाढेल, म्हणून आधी अर्धं कॉर्पोरेशनचं पाणी मिसळा, ते साठवून ठेवा, मग ॲसिड, ते पण पाण्यात ॲसिड टाकायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, हातमोजे आणि चष्मा घालून, मग तासभर थांबा आणि त्यानंतर खत. आणि ॲसिडमधून स्फुरद आलंच आहे तर झिरो बावन्न चौतीस (००:५२:३४ हे खत) जवळजवळ बंद करा, पालाश तेरा झिरो पंचेचाळीस (१३:००:४५) थोडं वाढवून भरून काढा. हा हिशोब मला कुठल्याही चार्टवर सापडला नसता दादा. चार्ट छापणाऱ्याला माझ्या टँकरचं पाणी माहीत नाही.

आता जे लिहिणार आहे ते तुम्हाला कदाचित आवडणार नाही, पण लिहिते. तो मेसेज आला त्या आठवड्यात तुमच्याकडे अवकाळी आणि गारपीट झाली होती. काढणीला आलेला माल होता. तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. मला मे महिन्यात तुमच्या बहिणीकडून कळलं. मी तेव्हा तुम्हाला चाळीस लेट्यूसच्या पानांचे फोटो पाठवत होते आणि तुम्ही प्रत्येक फोटोला उत्तर दिलंत, हे जुनं पान आहे का नवीन ते नीट दाखवा, जुन्या पानात शिरांमधलं पिवळं पडलं तर मॅग्नेशियम, नवीन पानात पडलं तर लोह. एका बाजूला वर्षाचं पीक गेलेला माणूस आणि तो एका अनोळखी बाईला पान ओळखायला शिकवतोय. हे आठवलं की अजूनही घशात काहीतरी अडकतं.

मे मध्ये मुलीच्या ॲडमिशनसाठी पुण्याला आलात तेव्हा वेळ काढून गच्चीवर आलात, बेदाणे घेऊन. पाईपकडे न बघता आधी टाकीत हात घातलात आणि म्हणालात पाणी गरम आहे. थर्मामीटर टाकला तर ३१. मग एक नेट पॉट (रोपाची जाळीदार कुंडी) उचलून मुळ्या बघितल्या, वास घेतला, "मुळी पांढरी पाहिजे ताई, ही चहासारखी झालीय." खत कितीही बरोबर असो, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी आणि मूळकूज यायला वेळ लागत नाही, हे मी वाचलेलं होतं पण टाकीत हात कधी घातला नव्हता. टाकीला पांढरा रंग, वर ५० टक्क्यांची शेडनेट, भोवती ओलं गोणपाट, दुपारी बर्फाच्या दोन बाटल्या. २५ पर्यंत आलं. आठ दिवसांत नवी पांढरी मुळी दिसली, त्या दिवशी मी तुम्हाला फोटो पाठवला आणि तुम्ही फक्त एक अंगठा पाठवलात, तो मी जपून ठेवलाय.

बाटल्या संपल्यावर सुटी खतं घ्यायला तुम्हीच धीर दिलात. मी विचारलं होतं सरळ १९:१९:१९ टाकू का, स्वस्त आहे, तर तुम्ही सांगितलंत की त्यात बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो, मातीतले जिवाणू त्याचं काम करतात, तुमच्या पाईपमध्ये माती कुठाय, शिवाय त्यात कॅल्शियम अजिबात नाही. मग आपण दोघांनी बसून जे माप काढलं ते इथे देते, कॉर्पोरेशनच्या हलक्या पाण्यासाठी आहे हे लक्षात ठेवा सगळ्यांनी. १० लिटरच्या ए कॅनमध्ये ७०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि १२ टक्केवालं चिलेटेड लोह १७ ग्रॅम. १० लिटरच्या बी कॅनमध्ये ३५० ग्रॅम १३:००:४५, १७० ग्रॅम ००:५२:३४, ३५० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि मायक्रोन्यूट्रिएंट पाकिटावरच्या मापाने. लिटरला दोन्हीतलं १०-१० एमएल घातलं की ईसी साधारण दीडच्या आसपास जातो, मी लेट्यूसला उन्हाळ्यात ७-७ एमएलच देते, १.२ वर थांबते, रोपं लहान असताना त्याच्याही निम्मं. ए आणि बी कधीही दाट असताना एकत्र करायचे नाहीत, कॅल्शियम सल्फेट आणि फॉस्फेटबरोबर जमून तळाला पांढरा गाळ बसतो आणि तो झाडाच्या काही कामाचा नाही. आधी ए पाण्यात ढवळायचं, मग बी, मग शेवटी पीएच बघून ५.८ ते ६.२ मध्ये आणायचा.

पण माप माझ्यासाठी दुय्यम आहे, खरी देणगी ती वही. रोज सकाळी सातला पाणी किती, ईसी किती, पीएच किती, टाकी किती गरम. तुम्ही वाचायला शिकवलंत की पाणी कमी झालं आणि ईसी चढला तर झाडं तहानलेली आहेत, नुसतं पाणी द्या. ईसी उतरला तर भुकेली आहेत, थोडं वाढवा. पाणी आणि खत दोन्ही सारखं कमी होऊन ईसी जागेवर राहिला तर हात लावू नका, आणि हे "हात लावू नका" मला सगळ्यात अवघड गेलं. चार्टवर आठवडे असतात, वहीत माझी झाडं आहेत. दर १२ दिवसांनी टाकी पूर्ण बदलते, जुनं पाणी खालच्या जास्वंदीला आणि कढीपत्त्याला जातं. जूनपासून एकाच प्रोग्रामवर दोन बॅच पूर्ण झाल्या, सोसायटीतल्या चौदा घरांना लेट्यूस जातोय.

ऑक्टोबरमध्ये चेरी टोमॅटो लावायचा विचार आहे, त्याला ईसी अडीचच्या घरात लागेल आणि फुलं आल्यावर पालाश वाढवावं लागेल, म्हणजे वेगळी टाकी. पण तेव्हा तुमची छाटणी असेल, त्यामुळे माझे प्रश्न मी सप्टेंबरमध्येच विचारून घेणार आहे आणि छाटणीत फोन करणार नाही, शब्द देते. वहिनींसाठी बेसिलची मोठी जुडी तुमच्या बहिणीबरोबर पाठवलीय, ओल्या फडक्यात ठेवा, फ्रीजमध्ये नको, काळी पडते.

तुम्ही विचारणारच म्हणून आजचं लिहिते. पाणी ९१ लिटर, ईसी १.३, पीएच ५.९, टाकी २४. मुळी पांढरी.

तुमची,
सिंहगड रोडची ताई