ताई, त्या मुलींना तुम्ही पुढे बसवलंत त्याबद्दल

प्रिय ताई,

भाडेकरूंच्या घरातल्या मुलींना तुम्ही हक्कांसाठी बोलायला शिकवलंत, त्याबद्दलचं हे पत्र माझी लेक तुम्हाला स्पॅनिशमध्ये वाचून दाखवेल, पण लिहितेय मुद्दाम मराठीत, कारण इथे कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू, सनीव्हेल, सॅन होजेला भाड्याने राहणाऱ्या आपल्या लोकांनी पण हे वाचावं असं मला फार मनापासून वाटतं. तुमचं नाव टाकत नाहीये, तुम्हाला ते चालणार नाही हे माहितीये.

आमच्या बिल्डिंगमध्ये बरीच घरं मेक्सिको, ग्वाटेमालाहून आलेल्यांची आणि बाकीची आमच्यासारखी, आयटीतली, विसावर आलेली. एकाच जिन्यावरून ये-जा, पण हाय-हॅलोच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. हीटर चालत नाही, बाथरूमच्या छताला काळी बुरशी, मॅनेजरला मेसेज टाकला की "बघतो", आणि आमच्या घराघरात एकच वाक्य, आपण विसावर आहोत, कशाला भानगडीत पडायचं. अशात तुम्ही शिकवलेल्या मुलींपैकी दोघी दारात आल्या, एक हायस्कूलमधली आणि एक कम्युनिटी कॉलेजवाली, आणि मोठी म्हणाली की कॅलिफोर्नियात घरमालकाला भाडेकरूचं इमिग्रेशन स्टेटस विचारायचा अधिकारच नाही, आणि २०१८ पासून त्यावरून धमकी देणं पण कायद्याने बंद आहे. एवढी वर्षं इथे राहून मला हे कोणी सांगितलं नव्हतं!

मग मी मीटिंगला आले. चर्चच्या तळघरातली ती खोली, मागे लहान भावंडांसाठी चटई आणि खेळणी, त्यांना सांभाळायला वेगळी माणसं, कारण घरी भावंडं सांभाळायची असतात म्हणून मुली येऊ शकत नाहीत हे तुम्ही आधीच ओळखलेलं. अख्खी मीटिंग स्पॅनिशमध्ये आणि हेडफोन मला! कानात इंग्लिश भाषांतर चालू आणि समोर ती कॉलेजवाली मुलगी फळ्यावर समजावत होती की २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये आमच्या माउंटन व्ह्यू शहराने मतदान करून मेझर व्ही हा भाडेवाढीला मर्यादा घालणारा प्रस्ताव पास केला, त्यामुळे १ फेब्रुवारी १९९५ च्या आधीच्या, तीन किंवा जास्त घरांच्या बिल्डिंगमध्ये वर्षाची भाडेवाढ महागाईच्या दराला बांधलेली असते, २ टक्क्यांच्या खाली नाही आणि ५ च्या वर नाही. ९५च का, तर राज्याचा कोस्टा-हॉकिन्स कायदा त्या वर्षीचा, तो शहरांना त्यानंतरच्या नव्या बिल्डिंगांच्या भाड्याला हात लावू देत नाही. आणि त्याच कायद्यामुळे जुना भाडेकरू गेला की मालक नव्याला बाजारभावाने देऊ शकतो. म्हणजे जो वीस वर्षं राहतोय त्याने कंटाळून जावं यात कोणाचा फायदा आहे ते बघा, आणि मग हीटर का दुरुस्त होत नाही याचा विचार करा, असं तिने सांगितलं आणि सगळी खोली गप्प झाली.

ताई, मला आभार मानायचेत ते खरं म्हणजे यासाठी की या मुलींना तुम्ही दुभाष्या म्हणून वापरू दिलं नाहीत. या सगळ्या जणी सात-आठ वर्षांच्या असल्यापासून आईची पत्रं वाचतायत, डॉक्टरकडे, बँकेत, मालकासमोर आईच्या वतीने बोलतायत, आणि त्याचं कौतुक सोडा, ते काम आहे असंही कोणी धरत नाही. संस्था पण तेच करतात, दोन भाषा येणारी मुलगी दिसली की तिला कोपऱ्यात बसवून फ्लायर भाषांतर करायला देतात आणि निर्णय दुसरेच घेतात. तुम्ही चर्च, कायदेशीर सल्ला देणारी क्लिनिक, शाळा, सगळ्यांना एकच अट घातलीत की भाषांतर हवं असेल तर पैसे द्या आणि मीटिंगमध्ये खुर्ची द्या. क्लिनिकच्या वकिलांनी मुलींना नोटीस कशी वाचायची ते शिकवलं, शाळेने त्यांचे तास समाजसेवेचे म्हणून धरले, चर्चने खोली दिली, पण अजेंडा मुलींनीच लिहिला. तुम्ही घरी जाऊन वडिलांशी बोललात, रात्री मुलींना गाडीने सोडलंत, हे त्या मुलींनीच मला सांगितलं.

दुरुस्ती होत नाही म्हणून भाडं कमी करा असा अर्ज केला, त्याच्या सुनावणीच्या आधीची ती तालीम तर मी कधीच विसरणार नाही. तुम्ही अधिकारी होऊन टेबलामागे बसलात, मोबाईलवर तीन मिनिटं लावलीत, आणि हायस्कूलवाली बोलायला लागली की तिचा आवाज खालीच जायचा. तुम्ही ओरडला नाहीत. "आधी घर नंबर सांग, मग बुरशी कधीपासून आहे ते सांग, मग फोटो दाखव, सॉरी म्हणू नकोस," एवढंच, आणि परत टायमर. पाचव्या वेळी तिने तारखेवार सगळं सांगितलं, मॅनेजरचे मेसेज, फोटो, धाकट्या भावाचा दमा, आणि उरलेल्या वेळात तुम्हालाच उलटा प्रश्न विचारला. मागे बसलेल्या तिच्या आईने डोळे पुसले आणि मी पण. प्रत्यक्ष सुनावणीत ती तशीच बोलली, दुरुस्ती होईपर्यंत भाडं कमी झालं, तिचं पण आणि आमचं पण, कारण तिच्यामागोमाग आम्ही पण अर्ज केला होता.

तुम्ही सांगितलं होतंत की ही घरोघरी बसून बोलायची पद्धत जुनी आहे, १९५२ मध्ये लोकांना संघटित करणारे फ्रेड रॉस इथेच सॅन होजेच्या साल सी पुएदेस वस्तीत, पुढे शेतमजुरांचे नेते झालेल्या सेझार चावेझना भेटले तेव्हाची, आणि चावेझांच्या सहकारी डोलोरेस उएर्ता पण त्याच तालमीत तयार झाल्या. मला आमच्याकडचं आठवलं, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, १९७२ चा लाटणं मोर्चा, आई त्याबद्दल इतकं सांगायची. इतक्या लांब येऊन तेच काम एका अठरा वर्षांच्या मुलीकडून शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं, खरंच.

आता ती कॉलेजवाली पुढच्या बॅचला स्वतः शिकवणार म्हणे आणि माझी लेक त्यात नाव देतेय. आमच्या मराठी ग्रुपमधल्या बायकांनी ठरवलंय की ट्रेनिंगच्या शनिवारी जेवण आमच्याकडून. आणि नव्या बिल्डिंगमध्ये राहणारे बरेच आहेत आमच्यात, त्यांना शहराची मर्यादा लागू नाही, पण बिल्डिंग पंधरा वर्षांहून जुनी असेल तर राज्याचा २०१९ चा कायदा साधारण लागू होतो, ५ टक्के अधिक महागाई आणि काही झालं तरी १० च्या वर नाही, हे त्यांना माहितीच नाहीये. त्यासाठी मराठीत एक पान मी लिहायला घेतलंय, मुलींनी तपासून द्यावं ही विनंती. तपासायचे पैसे आम्ही देऊ आणि आमच्या मीटिंगमध्ये त्यांच्या खुर्च्या पुढच्या रांगेत असतील, तुमची अट आम्हालाही लागू.

खूप खूप आभार, ताई.

तुमची,
वरच्या मजल्यावरची मराठी शेजारीण