घर तेच, बिल वेगळं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला वीजबचतीवरचा लेख वाचला. फाइव्ह स्टार फ्रिज घ्या, एलईडी लावा, पंखे बदला, सगळं बरोबर. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, नव्या प्रकारच्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३०-३५ वॅटमध्ये भागवतो, त्यात वाद नाही. पण त्या घरात राहणारी माणसं लेखात कुठेच दिसली नाहीत, म्हणून हे पत्र.

टिळकवाडीतल्या आमच्या अपार्टमेंटचं सचिवपद माझ्या गळ्यात पडल्यापासून जिन्याखालच्या मीटर बोर्डाशी माझा रोजचा संबंध आहे. एकावर एक फ्लॅट, क्षेत्रफळ तेवढंच, वायरिंग एकाच माणसाच्या हातचं, घरात माणसंही साधारण तेवढीच. तरी एकाचं रीडिंग दुसऱ्याच्या दुप्पट. आमच्या मीटरांवर ३२०० हा आकडा छापलेला आहे. म्हणजे तो तांबडा दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरात नुसता एक साधा पंखा चालू असेल तर दिवा पंधरा सेकंदांनी एकदा लुकलुकतो. दोन किलोवॅटचा गिझर लागला की सेकंदाला जवळजवळ दोनदा. सकाळी त्या बोर्डासमोर थोडा वेळ थांबलं की गिझर लावून चहा-पेपरात कोण रमलंय ते बरोबर कळतं. (मी कुणाला बोलून दाखवत नाही. मेंटेनन्सवरून होणारी भांडणं पुरेशी आहेत.)

हे काही आमच्याच इमारतीत घडतं असं नाही. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७०च्या दशकात एका साच्यातल्या घरांचा ऊर्जावापर मोजला. सारख्याच घरांत दुपटीएवढा फरक निघाला. शिवाय बिऱ्हाड बदललं की त्याच घराचा वापरही बदलायचा.

बेळगावात एसीचं कौतुक एप्रिल-मेपुरतं. आपल्या सवयींची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. ऊन नाही म्हणून गच्चीवरचा पाणी तापवायचा सोलर थंड. मग त्यातल्या विजेच्या कॉइलचं बटण दाबायचं आणि दिवसभर विसरायचं. धुणं वाळत नाही म्हणून हॉलमध्ये दोऱ्या बांधून रात्रभर पंखा. दहा तासांत पाऊण युनिट त्या ओल्या कपड्यांवर जातं, आणि सकाळी बघावं तर जीन्सचे खिसे ओलेच! सेट-टॉप बॉक्सचं तसंच. रिमोटने टीव्ही बंद केला तरी तो चालूच असतो. दहाच वॅट धरले तरी महिन्याला सात युनिटं. आणि ज्यांच्याकडे एसी आहे ते १८ वर लावून वर गोधडी घेतात. एक अंश वाढवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते असं केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं म्हणणं आहे. २०२०पासून नवे एसी सुरू होताना २४ वर येतात तेही त्यासाठीच. पण रिमोट शेवटी आपल्याच हातात.

अर्थात सगळं खापर राहणाऱ्यांवर फोडणं बरं नाही. शहापूर-वडगावातल्या जुन्या कौलारू घरात गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जायची. आता वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री खाली सोडतो. पश्चिमेच्या खिडकीवर धड छज्जाही नाही. त्या खोलीत पंखा बंद करा असं कुठल्या तोंडाने सांगायचं? घरांच्या भिंती-छतांतून किती उष्णता आत यावी याचे निकष केंद्राने २०१८ मध्ये इको निवास संहितेत घालून दिले. फ्लॅट बघायला गेल्यावर त्याबद्दल बिल्डरला विचारून पाहा! पाण्याचंही तेच. नळाचं पाणी दाबाने थेट टाकीत चढलं तर पंप लागत नाही. आठवड्यातून ठरावीक दिवशी आलं तर आधी जमिनीखालची टाकी भरा, मग मोटर लावा.

आता गृहज्योतीबद्दल, म्हणजे कर्नाटक सरकारच्या घरगुती मोफत विजेच्या योजनेबद्दल. योजनेला माझा विरोध नाही, अनेक विणकरांच्या आणि पेन्शनवाल्यांच्या घरी तिचा आधार झाला आहे. पण हिशेब कसा ठरला पाहा: २०२२-२३ची सरासरी अधिक दहा टक्के, कमाल २०० युनिटं. म्हणजे त्या वर्षी ज्याने वीज उधळली त्याला फुकट जास्त, ज्याने जपून वापरली त्याला कमी. ४८ युनिटांच्या आतल्या घरांना २०२४ मध्ये दहा टक्क्यांऐवजी दहा युनिटं जादा मिळाली, एवढीच दुरुस्ती. शिवाय रक्कम शून्य दिसली की उरलेलं बिल वाचतो कोण? आमच्याकडे ते थेट फ्रिजवरच्या डब्यात जातं.

तेव्हा वीज कंपनीने एवढं करावं. या महिन्याची युनिटं, गेल्या वर्षी याच महिन्याची युनिटं आणि आपली फुकट युनिटांची मर्यादा, हे तीन आकडे बिलाच्या वरच्या बाजूला ठळक छापावेत. आणि सीमाभागात हा मजकूर कन्नडबरोबर मराठीतही द्यावा. यात भाषेचं राजकारण शोधू नये. गिझरचं बटण ज्या आजींच्या हातात आहे त्यांना तो कागद वाचता आला पाहिजे.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव