मुंबईच्या उद्योजकांच्या वह्या वाचवा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : मुंबईतील जुन्या पेढ्या, गिरण्या व कंपन्यांच्या कागदपत्रांचे जतन

महोदय,

स. न. वि. वि.

ज्या व्यापाऱ्यांनी आणि उद्योजकांनी या राजधानीची आर्थिक घडी बसवली, त्यांची नावे आपण रस्त्यांना, रुग्णालयांना आणि चौकांना दिली आहेत. त्यांच्या जयंत्याही शासन साजऱ्या करते. मात्र त्यांनी भांडवल कसे उभे केले, कोणाला उसनवार दिले, कामगारांना काय मजुरी दिली, हे सांगणारे कागद एकेका इमारतीबरोबर नाहीसे होत आहेत. राज्याचे पुराभिलेख संचालनालय आपल्या खात्याच्या अखत्यारीत येते, म्हणून हे पत्र आपल्या नावे लिहीत आहे.

नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई हे दोघे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या संचालकांत होते आणि 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, एवढे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. जमशेटजींच्या पत्नी आवाबाई यांनी माहीमच्या कॉजवेसाठी 1 लाख 57 हजार रुपये दिले, हेही सांगितले जाते. परंतु त्या घराण्याची संपत्ती चीनशी चालणाऱ्या कापसाच्या आणि अफूच्याही व्यापारातून आली होती, हे सांगताना आपण आवाज खाली आणतो. कापसाचे व्यापारी आणि शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने राजाबाई टॉवरसाठी देणगी दिली. त्याच प्रेमचंदांचे नाव अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातील शेअरच्या सट्ट्याशी आणि 1865 मध्ये शेकडो घरे बुडवणाऱ्या पडझडीशीही जोडलेले आहे. माणूस असा सगळा समजून घ्यायचा, तर देणगीच्या कोनशिलेशेजारी त्याची खतावणीही वाचता आली पाहिजे.

मोठ्या घराण्यांनी हे काम स्वतः हाती घेतले आहे. टाटांचे केंद्रीय अभिलेखागार पुण्यात आहे, गोदरेजचे विक्रोळीत. अभ्यासकांना तिथे जो अनुभव येतो, तो राज्यातील प्रत्येक अभिलेखागाराने डोळ्यांसमोर ठेवावा असा आहे. पण 1931 मध्ये दांडेकर बंधूंनी शाईची पूड करून ज्या उद्योगाचा, म्हणजे कॅमलिनचा, पाया घातला आणि ज्याची शाई पुढे घरोघरच्या दप्तरांत गेली, तसे मध्यम आणि छोटे उद्योग या शहरात शेकड्यांनी होऊन गेले. गिरगाव, काळबादेवी, मशीद बंदर, लालबाग या भागांतील अशा पेढ्यांना स्वतःचे अभिलेखागार चालवणे परवडणारे नाही.

कायद्याचाही त्यांना आधार नाही. 2005 चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम शासकीय दप्तरांपुरता आहे, आणि कंपनी कायद्याने हिशेबाची पुस्तके सर्वसाधारणपणे आठ आर्थिक वर्षे ठेवली की पुरेसे होते. त्यापुढे ती रद्दीत घालायला कोणाची हरकत नाही. काळबादेवीतल्या एका जुन्या पेढीची जागा रिकामी होत असताना मी तिथे होतो. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, दोरीने बांधायच्या लांबट वह्या; पहिल्या पानावर कुंकवाचे बोट आणि ‘श्री’; आत मोडीतला रोजमेळ. मालकांना त्या टाकवत नव्हत्या, पण ठेवायला जागा नव्हती, आणि कोणाकडे द्याव्यात हे सांगणारेही कोणी नव्हते. शेवटी गठ्ठे काट्यावर चढले.

गिरण्यांच्या बाबतीत नुकसान याहून मोठे आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये ताडदेवला पहिल्या कापड गिरणीसाठी कंपनी काढली आणि त्यानंतरच्या शंभर वर्षांत गिरणगाव उभे राहिले. 1982 चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि जमिनीचा प्रश्न आला, तेव्हा विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 नुसार जमीन महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात कशी वाटायची यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण झाले. कागदांवर मात्र कोणीच हक्क सांगितला नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेला माणूस कोणत्या खात्यात लागला, किती वर्षे बदली (गैरहजर कामगाराच्या जागी लागणारा) म्हणून राबला, कोणत्या मुकादमाच्या हाताखाली होता, हे सारे हजेरीपटांत होते. हा प्रश्न केवळ इतिहासाच्या अभ्यासकांपुरता नाही. शासनाच्या योजनेतील गिरणी कामगारांच्या घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आले आहेत, आणि 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर आपले वडील गिरणीत होते हे सिद्ध करण्यासाठी वारसदार गिरणीचे हजेरीचे तिकीट, भविष्यनिर्वाह निधीची पावती, मिळेल तो चिठोरा घेऊन फिरत असतात. हजेरीपट वेळीच ताब्यात घेतले असते, तर त्यांची ही वणवण पुष्कळ कमी झाली असती.

काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आपले पुराभिलेख खाते आहे. 1821 पासूनचा वारसा असलेल्या या संस्थेत व्यापार-उद्योगाच्या खासगी कागदांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू करावा आणि जो मालक वह्या देऊ इच्छितो त्याच्याकडून त्या पोच देऊन, मालकी व गोपनीयतेच्या अटी लेखी ठरवून स्वीकाराव्यात, ही माझी मुख्य विनंती आहे. जुनी गिरणी किंवा पेढीची इमारत पाडायची परवानगी देण्यापूर्वी आतील कागदांची पाहणी या कक्षाने करावी, अशी अट नगरविकास खात्याशी बोलून घालता येईल. मोडी आणि जुनी गुजराती वाचणारे लोक आज थोडे उरले आहेत, तेव्हा त्यांना कंत्राटी नव्हे तर नियमित पदांवर घ्यावे. पैशांचा प्रश्न आलाच, तर कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून राष्ट्रीय वारशाच्या जतनाला खर्च करता येतो आणि या शहरातील कंपन्यांना याहून जवळचा विषय सापडणार नाही. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या आवारातील महापालिकेच्या वस्त्रोद्योग संग्रहालयालाही यंत्रांइतकीच या वह्यांची गरज आहे.

येत्या अर्थसंकल्पात या कक्षासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे आणि तोपर्यंत, निदान बंद गिरण्यांच्या ताब्यातील उरलेल्या हजेरीपटांची यादी करण्याचे आदेश आपण तातडीने द्यावेत.

कळावे,
आपला विश्वासू,
मुंबईच्या व्यापार-उद्योगाचा एक अभ्यासक