सांती, त्या फोटोबद्दल आभार

प्रिय सांती काझोर्ला,

तू स्पेनचा फुटबॉलपटू, आणि तुझ्या घोट्याचा एक फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करते. ऑपरेशन झालेली, टाके निघालेली, आणि ‘आता काय पहिल्यासारखं होत नाही’ असं मनाशी पक्कं करून बसलेली माणसं रोज माझ्यासमोर येतात. त्यातल्या अनेकांना मी तो फोटो दाखवते. आधी तोंड फिरवतात. मग हळूच विचारतात, “मॅडम, कातडीवर हे काय लिहिलंय?” तिथून आमचं बोलणं सुरू होतं. त्याचे आभार मानायला हे पत्र.

लिहिलंय ते तुझ्या मुलीचं नाव, इंडिया. हातावर गोंदलेलं होतं. घोट्यावरची जखम झाकायला हातावरची कातडी काढली, तेव्हा नावाचा एक तुकडा खाली टाचेपाशी गेला आणि उरलेला हातावरच राहिला. नाव सांगितलं की पेशंटचा चेहरा असा खुलतो, जणू तुझ्या घोट्याच्या सातबाऱ्यावर त्याचंही नाव लागलंय.

मग मी बाकीचं सांगते. ऑक्टोबर 2016मध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबकडून बल्गेरियाच्या लुदोगोरेट्सविरुद्ध खेळताना तू बाहेर गेलास. घोट्याचं दुखणं जुनंच होतं. 2013मध्ये चिलीविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात लाथ बसली होती, तेव्हापासून तू ते अंगावर काढत होतास. शस्त्रक्रिया झाली, जखम भरेना, टाके पुन्हा पुन्हा उसवायचे. आत जंतूंनी घर केलेलं. गँगरीनपर्यंत गेलं. टाचेमागची जी जाड शीर (अकिलीस टेंडन) पावलाला पुढे ढकलते, ती सुमारे 8 सेंटीमीटर खाऊन टाकलेली. माणसाचं प्रत्येक पाऊल त्या शिरेवर उचललं जातं, त्यामुळे हा आकडा ऐकून मी खुर्चीत सावरून बसले होते. इंग्लंडमधले डॉक्टर तुला म्हणाले, मुलासोबत बागेत चालता आलं तरी समाधान मान. मग स्पेनमध्ये विटोरियाला डॉ. मिकेल सांचेझ यांनी पाय उघडला, साफ केला, पुन्हा बांधला. सगळ्या मिळून दहाच्या घरात शस्त्रक्रिया.

वर्तमानपत्रांनी याला चमत्कार म्हटलं. मला ते पटत नाही, आणि पेशंटसमोर मी तसं मुळीच म्हणत नाही. चमत्काराची वाट बघणारा माणूस घरी व्यायाम करत नाही. मी त्यांना स्पेनमधल्या सालामांकाबद्दल सांगते. घरापासून लांब, त्या गावात राहून, एका फिजिओच्या हाताखाली महिनोन् महिने तीच ती हालचाल तू केलीस. भिंतीला हात टेकायचा, टाच उचलायची, खाली आणायची. आधी दोन्ही पायांवर, मग एका. याचे व्हिडिओ कुणी शेअर करत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. एप्रिल 2018मध्ये अॅटलेटिको माद्रिदच्या सामन्याआधी तू एमिरेट्सच्या, म्हणजे आर्सेनलच्या मैदानाच्या, हिरवळीवर हलकं धावलास, साधे पास दिलेस. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी फक्त बघत होते, टाच टेकताना पाय आत वळतोय का.

आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, तालमींचे संघ आणि पेठापेठांतली भांडणं. त्यामुळे तुझा खेळ समजावून सांगावा लागत नाही. 1.68 मीटर उंची, दोन्ही पाय सारखेच चालतात, कॉर्नर डाव्याने घेणार की उजव्याने हे समोरच्या गोलकीपरला कळत नाही. 2014च्या एफए कप अंतिम सामन्यात हल सिटीने सुरुवातीलाच दोन गोल मारले, आणि सतराव्या मिनिटाला तू पंचवीस-तीस यार्डांवरून फ्री किक वरच्या कोपऱ्यात घातलीस. आर्सेनलने तो सामना 3-2 जिंकला. त्या आधी स्पेनबरोबर 2008 आणि 2012 असे दोन युरो चषक. 2010चा विश्वचषक मात्र दुखापतीनेच हुकला, ते अजून मनाला लागतं.

एका पेशंटचं सांगते. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीखाली पाय सापडलेला पोरगा, तालमीच्या संघात लेफ्ट विंगला खेळायचा. मांडीची कातडी पावलावर लावलेली. तो मोजाच काढू द्यायचा नाही. आईसमोरसुद्धा नाही. व्यायाम सांगितला की मान हलवायचा आणि घरी जाऊन झोपायचा. त्याला तुझा फोटो दिला. त्याने तो बोटांनी मोठा केला, बराच वेळ बघितला, मग वाकून मोजा स्वतःच खाली ओढला आणि म्हणाला, “ह्याच्यावर नाव तरी हाय. माझ्यावर मांडीची केसं उगवल्यात.” आम्ही दोघंही हसलो. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा मला पाऊल नीट हातात घेऊ दिलं. तो आज संघात नाही, हेही सांगायला हवं. पण जिना न धरता उतरतो, आणि लहान पोरांच्या मॅचला झेंडा घेऊन लाइनवर धावतो.

तू मात्र पुन्हा खेळलास. 2018च्या उन्हाळ्यात स्पेनच्या विल्यारेआल क्लबने तुला घेतलं. एका जादूगाराने रिकाम्या काचेच्या नळकांड्यात धूर सोडला आणि त्यातून तू बाहेर आलास. हा प्रकार मला जरा जास्तच वाटला. जानेवारी 2019मध्ये रेआल माद्रिदला दोन गोल घातलेस, त्यातला दुसरा डोक्याने! 2019मध्येच स्पेनच्या संघाचं बोलावणंही आलं.

आणि मग ओव्हिएदो. लहानपणी ज्यांच्या अकादमीत शिकलास, त्या क्लबची 2003मध्ये पैशांअभावी वाताहत झाली म्हणून तुला गाव सोडावं लागलं होतं. 2012मध्ये क्लब बंद पडायला आला, तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी शेअर घेतले, तसे तूही घेतलेस. 2023मध्ये परत आलास ते नियमाने देता येईल तेवढ्या किमान पगारावर, आणि तुझ्या जर्सीच्या विक्रीतले दहा टक्के पोरांच्या अकादमीला. 21 जून 2025ला पहिल्या श्रेणीत जाण्यासाठीच्या दोन लेगच्या लढतीतला मिरांदेसविरुद्धचा दुसरा सामना आमच्याकडे मध्यरात्रीनंतर चालू होता. पहिल्या लेगमध्ये एक गोल मागे, त्यात आणखी एक खाल्ला, मग तुझी पेनल्टी, आणि जादा वेळेत 3-1. चोवीस वर्षांनी ओव्हिएदो पहिल्या श्रेणीत. तू तेव्हा चाळीस वर्षांचा होतास. तू पेनल्टीसाठी पाय मागे घेतलास तेव्हासुद्धा माझी नजर चेंडूवर नव्हती, ती कुठे होती हे तुला सांगायला नको.

तू तो घोटा झाकून ठेवला असतास तर कुणी नावं ठेवली नसती. खेळाडू सहसा झाकतातच. तू तो पत्रकारांसमोर धरलास, डॉक्टर काय म्हणाले तेही मोकळेपणाने सांगितलंस. त्याचा उपयोग इथे माझ्या टेबलावर रोज होतो.

सालामांकाच्या त्या फिजिओंनाही माझा नमस्कार सांग. इतक्यांदा उघडलेल्या जखमेवर टाच उचलायचा व्यायाम त्यांनी नेमका कधी सुरू केला, किती वजन दिलं, आणि तू कधी कंटाळा केलास का, हे मला त्यांना सविस्तर विचारायचं आहे.

तुझी,
कोल्हापूरची एक फिजिओ